दातओठ खाऊन चालत नाही

वाचकांचे प्रश्न, पुनर्वसन तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांचा सूर जवळजवळ एकच होता : ‘माझी जिद्द कमी पडते आहे का?’ पत्रं वाचून आम्हाला उलटंच वाटलं. बहुतेकांकडे जिद्द भरपूर आहे. ती कुठे, किती आणि कधी खर्चायची, याचा हिशेब मात्र मांडलेला नाही. कृत्रिम अवयव, फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि समुपदेशन या क्षेत्रांतल्या मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : अपघातानंतर माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून चार महिने झाले. सहा महिन्यांत सलग पाच किलोमीटर चालायचंच, असं ठरवलं आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स एका पायावर रोज मॅरेथॉनएवढं धावायचा, मग मला एवढंही का जमू नये? पण दीड किलोमीटरच्या पुढे गेलो की कातडी सोलते, फोड येतो आणि आठ-दहा दिवस पाय घालता येत नाही. आतापर्यंत असं पाच वेळा झालं. दातओठ खाऊन चालतो, तरी हेच. मन कमकुवत आहे का?

मन चांगलं दणकट आहे. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात उरलेला पाय बसतो ती खोबण, सैल झालं असण्याची शक्यता मात्र बरीच आहे.

तळपायाची कातडी जाड असते आणि तिच्याखाली चरबीची गादी असते. पोटरीच्या कातडीला यातलं काहीच नसतं. दाब आणि घर्षण सोसायला ती शिकते, पण आठवड्यांच्या गतीनं. दातओठ खाल्ले म्हणून ती लवकर शिकत नाही. उलट वेदना दाबून टाकायची सवय लागल्यानं ती देत असलेली सूचना तुमच्यापर्यंत उशिरा पोचते.

आधी मोज्यांकडे बघा. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, पहिलं वर्ष-दीड वर्ष आटत राहतो. एका दिवसातसुद्धा तो सकाळपेक्षा संध्याकाळी थोडा बारीक असतो. तो आटला की सॉकेटमध्ये खोल उतरतो आणि प्रत्येक पावलागणिक वर-खाली सरकतो. फोड येतो तो या सरकण्यातून. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला टोचतं, हाडाचं टोक तळाला आपटल्यासारखं वाटतं किंवा कृत्रिम पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, ही त्याची लक्षणं. यावर उपाय साधा आहे. स्टंपचे मोजे एक, तीन आणि पाच प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) मिळतात. एक प्लायचा मोजा खिशात ठेवा. चालताना यातलं एखादं लक्षण जाणवलं की थांबा, पाय काढा आणि तो मोजा चढवा. ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून चाललेले शेवटचे तीनशे मीटर पुढचे दहा दिवस खातात.

मोजे जास्त झाले तरी बिघडतं. पाय पूर्ण आत बसत नाही, उंच वाटतो, स्टंपचं टोक पोकळीत लोंबकळतं. तिथे सूज येऊन कातडी जांभळट, राठ दिसू लागली तर प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, लगेच जा. एकूण मोजे दहा-बारा प्लायच्या पुढे गेले, तर सॉकेट बदलायची वेळ झाली आहे. चार महिन्यांत सॉकेट सैल होणं हे काही नवल नाही.

कातडीची परीक्षा रोज घ्या. पाय काढल्याबरोबर आरसा घेऊन स्टंप चारही बाजूंनी बघा. वाटीखालच्या स्नायूबंधावर थोडी लाली असणार, तिथे दाब यावा अशीच सॉकेटची रचना असते. ती दहा-पंधरा मिनिटांत विरली तर ठीक. नडगीच्या कडेवर, बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टोकावर लाली असेल आणि ती वीस मिनिटांनंतरही तशीच असेल, तर दुसऱ्या दिवशी अंतर वाढवायचं नाही. मधुमेह असेल तर दुखण्यावर अजिबात विसंबू नका, फक्त डोळ्यांवर विसंबा.

आता पाच किलोमीटरचं गणित. फोड दीड किलोमीटरला येतो, म्हणून सुरुवात एक किलोमीटरपासून करा. सलग तीन दिवस कातडी स्वच्छ राहिली की तो तुमचा पाया. दर आठवड्याला दहा टक्के वाढ : १,०००, १,१००, १,२१० मीटर, असं करत सतरा वाढींनंतर पाच किलोमीटर पार होतात. म्हणजे सुमारे चार महिने, तुमच्या मुदतीपेक्षा दोन महिने जास्त. आतापर्यंतच्या पाच फोडांनी तुमचे चाळीस-पन्नास दिवस आधीच घेतले आहेत, तेव्हा हा उशीर फार महाग म्हणता येणार नाही. निम्म्या वाटेपर्यंत रोजचं अंतर दोन-तीन फेऱ्यांत वाटून घ्या.

फोड आलाच तर फोडू नका, आणि बरा होईपर्यंत पाय घालू नका. पण ते दिवस रिकामे घालवू नका. पाय काढलेला असताना प्रोस्थेटिस्टनं दिलेला दाबमोजा चढवून ठेवा, नाहीतर स्टंप सुजतो आणि आठवड्यानं सॉकेटमध्ये शिरतच नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपा. गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कुठलंही सॉकेट नीट बसत नाही. लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत कातडीवर चढवायचं मऊ आवरण, रोज रात्री सौम्य साबणानं धुऊन वाळवा. स्टंपही रात्रीच धुवा, कारण सकाळी धुतलेली कातडी ओलसर राहते आणि लायनरला चिकटून सोलते.

राहता राहिला टेरी फॉक्स. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. १९८० साली तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. हे सगळं खरं आहे. पण त्याआधी त्यानं चौदा महिने सराव केला होता आणि त्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. पोस्टरवर १४३ दिवस छापतात, ते चौदा महिने कुणी छापत नाही.

प्रश्न : बाबांना (वय ६१) पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा पाय बराच सुधारला, हात मात्र मागे आहे. बोटं थोडीशी उघडतात. बाबा जिद्दी आहेत, रोज पाचशे वेळा मऊ चेंडू दाबतात. तरी मूठ उलट जास्तच आवळलेली राहते. जेवताना चमचा डाव्या हातानंच धरतात, नाहीतर आई भरवते. ‘सहा महिन्यांनंतर जे आहे तेच राहतं’ असं कुणीतरी सांगितल्यापासून ते घाबरले आहेत.

चेंडू आजच कपाटात ठेवा.

पक्षाघातानंतर बोटं मिटवणारे स्नायू बहुधा आपोआपच ताठरतात. अडतं ते उघडण्यापाशी. चेंडू दाबून बाबा रोज पाचशे वेळा नेमकी तीच हालचाल पक्की करत आहेत, जी आधीच गरजेपेक्षा जास्त होते आहे. मेहनत खरी आहे, फक्त उलट्या दिशेला चालली आहे. हाताचं काम म्हणजे पोचणं, उघडणं, धरणं आणि सोडणं. यातलं ‘सोडणं’ सर्वांत अवघड, म्हणून सराव त्याचाच हवा.

टेबलासमोर, पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीत बसवा. कामं खरी द्या. एक, प्लास्टिकचा रिकामा पेला धरून वीतभर पलीकडे ठेवायचा आणि *सोडायचा*. दोन, पत्त्यांच्या कॅटमधला एकेक पत्ता उलटा करायचा, यात मनगटही फिरतं. तीन, कपडे वाळत घालायचा चिमटा दोरीवरून काढून डब्यात टाकायचा. चार, टेबलावर पसरलेला टॉवेल तळहातानं पुढे ढकलायचा आणि शेवटी बोटं लांब करायची. प्रत्येक काम पंचवीस वेळा, दिवसातून तीन वेळा. म्हणजे तीनशे. कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढून मोजा.

मोजायचं का, तर अंदाज फार फसवा असतो. उपचारसत्रांत रुग्ण दुखऱ्या हातानं प्रत्यक्ष किती कामाच्या हालचाली करतात हे एका पाहणीत मोजलं गेलं (ती २००९ साली प्रसिद्ध झाली). सरासरी निघाली ३२. मेंदूतले बदल दाखवणाऱ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा आकडा सत्राला चारशे-सहाशेच्या घरात असतो. ‘तासभर व्यायाम झाला’ या वाक्यात बरेचदा पंचेचाळीस मिनिटं बसणंच असतं.

चमच्याचं कारण वेगळं आहे. पहिल्या काही आठवड्यांत उजव्या हातानं प्रयत्न केला की अपयश येतं, डाव्यानं काम होऊन जातं. मेंदू हा धडा झटकन शिकतो. पुढे हातात थोडी ताकद आली तरी तो वापरायचं विसरलेलाच राहतो. एडवर्ड टाउब या संशोधकानं या ‘शिकलेल्या अ-वापरा’वर उपचार तयार केला : चांगल्या हाताला दोन आठवडे, जागेपणीच्या नव्वद टक्के वेळ, जाड हातमोजा घालायचा आणि दुखऱ्या हाताकडून रोज सहा तासांपर्यंत काम करून घ्यायचं. त्यासाठी मनगट साधारण वीस अंश आणि बोटं दहा अंश मागे वळायला हवीत. बाबांची बोटं थोडी उघडतात, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून हे अंश मोजून घ्या. पूर्ण उपचार घरच्या घरी करू नका. चांगला हात बांधून चालताना तोल गेला तर सावरायला काहीच उरत नाही. घरी एवढंच : खुर्चीत बसून, कुणीतरी जवळ असताना, रोज एक तास हातमोजा.

आईंना सांगा, भरवायच्या आधी मनात वीसपर्यंत मोजायचं. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड करा. पहिले पाच घास उजव्या हातानं, सांडले तरी. उरलेलं जेवण जसं जमेल तसं. सगळं जेवण उजव्यानं करायला लावलं तर बाबा अर्धपोटी उठतील आणि तिसऱ्या दिवशी हा कार्यक्रम बंद पडेल.

दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. उठवताना दुखऱ्या हाताला धरून ओढू नका, सैल पडलेला खांदा त्यानं निसटतो. आणि डोक्यावरून दोरी-कप्पीनं हात वर ओढायचा व्यायाम करू नका, खांदेदुखीचं ते ठरलेलं आमंत्रण आहे. खांदा दुखायला लागला की हाताची प्रगती थांबलीच म्हणून समजा.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धीच खरी आहे. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, पुढे वेग उतरतो. पण सहाव्या महिन्यात दार बंद होत नाही. वरच्या उपचाराची मोठी चाचणी (निष्कर्ष २००६) झाली, तीच पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांवर, आणि फायदा दिसला. एक मात्र बघा. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. बाबा कधी व्यायाम टाळू लागले, झोप किंवा भूक गेली, तर ‘जिद्द सोडली’ असं म्हणू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

प्रश्न : नोकरी सांभाळून परीक्षा देतो. दोनदा नापास झालो. दर वेळी रोज चार तास अभ्यासाचा निश्चय करतो, चौथ्या-पाचव्या दिवशी कोलमडतो. रात्री स्फूर्तिदायक व्हिडिओ बघतो, तेव्हा अंगात वीज संचारते. सकाळी काहीच नाही.

वीज रात्रीच खर्च होते, म्हणून. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की यशाचं नुसतं सुखद चित्र रंगवणाऱ्यांची प्रत्यक्ष मेहनत कमी पडते. चित्र रंगवायला हरकत नाही, पण लगेच दुसरं चित्रही समोर आणा : उद्या मला नेमकं कोण किंवा काय अडवणार आहे? त्या अडथळ्याचं नाव लिहा आणि त्याला ‘जर-तर’ बांधा. ‘जर कामावरून येऊन अंग टाकावंसं वाटलं, तर मी कपडे बदलायच्या आधी टेबलाशी बसून दोन उदाहरणं सोडवीन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली ही युक्ती पोरकट दिसते, पण तिच्यात थकलेल्या क्षणी निर्णय घ्यावा लागत नाही. तो आधीच झालेला असतो. जर-तर दोनच करा. दहा केलेत तर एकही आठवणार नाही.

चार तास हा आकडा कोलमडलेल्या माणसाचं प्रायश्चित्त आहे, वेळापत्रक नव्हे. पन्नास मिनिटांपासून सुरू करा. आणि सर्वांत वाईट दिवसासाठी एक किमान माप ठरवा : दहा मिनिटं, वही उघडून. सवयींवरच्या एका अभ्यासात (२०१०) एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस बुडल्यानं फारसा फरक पडला नाही. तुम्हाला पाडतो तो बुडालेला चौथा दिवस नाही, त्या दिवसाच्या रागानं सोडलेला पाचवा.

प्रश्न : वय २७. लहानपणापासून बोलताना अडखळतो. ‘न घाबरता जोर लावून बोल’ असं सगळे सांगतात. जोर लावला की शब्द आणखी अडकतो, डोळे मिटतात, मान झटकते. सर्वांत वाईट म्हणजे स्वतःचं नाव सांगताना. दोन महिन्यांनी मुलाखत आहे.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला चुकीचा आहे. अडकलेल्या क्षणी घशातले स्वरतंतू, जीभ किंवा ओठ आवळलेले असतात. मागून जोर लावला की ते आणखी आवळतात. डोळे मिटणं, मान झटकणं हे मूळ अडखळणं नव्हे, त्यातून सुटण्यासाठी पडलेल्या सवयी आहेत, आणि त्या मोडता येतात. नावाचं म्हणाल तर त्यालाही कारण आहे. इतर अवघड शब्द तुम्ही नकळत बदलून घेता, नावाला पर्यायी शब्द नाही.

चार्ल्स व्हॅन रायपर या वाचा-उपचारतज्ज्ञांनी (ते स्वतः अडखळत असत) तीन पायऱ्या घालून दिल्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली : अडकलात तरी शब्द पुरा करा, तीन सेकंद थांबा, जबडा आणि घसा सैल सोडा, तोच शब्द हळू, सैल सुरुवातीनं पुन्हा म्हणा. दुसरी, पहिली अंगवळणी पडल्यावर : अडकलेले असतानाच ताण ओळखा आणि आवाज न तोडता हळूहळू सैल करत शब्दातून बाहेर या. तिसरी : अडकणार असं वाटतं त्या शब्दाच्या आधीच तोंड सैल ठेवून संथ शिरा. बहुतेक जण थेट तिसरीवर उडी मारतात आणि आठ दिवसांत ‘हे चालत नाही’ म्हणतात. ज्याला गाठ सोडवता येत नाही, त्याला ती पडणारच नाही याची काळजी कशी घेता येईल?

रोज पंधरा मिनिटं आरशासमोर किंवा फोनवर स्वतःचं चित्रीकरण करून सराव करा. त्यात मुद्दाम अडखळण्याचा सरावही हवा, सैलपणे, डोळे उघडे ठेवून. विचित्र वाटेल, पण ज्याची भीती वाटते ते स्वतःहून केलं की तिची धार जाते. मग बोलण्याचे दहा प्रसंग लिहून त्यांना भीतीचे शून्य ते शंभर गुण द्या. सुरुवात तीसच्या आसपासच्या प्रसंगापासून. एक प्रसंग चार-पाच वेळा करून गुण निम्म्यावर आले की पुढचा. अनोळखी माणसाला फोन करणं बहुतेकांच्या यादीत सत्तरच्या वर असतं, त्याला पहिल्या आठवड्यात हात लावू नका.

किती वेळा अडखळलात हे मोजू नका. किती वेळा *टाळलंत* ते मोजा : बदललेला शब्द, न केलेला फोन, न विचारलेला प्रश्न. हा आकडा खाली आला पाहिजे.

दोन महिन्यांत अडखळणं जाणार नाही, तसं वचन देणाऱ्यापासून लांब राहा. मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला सांगून टाका : ‘मी बोलताना अडखळतो, काही शब्दांना वेळ लागेल.’ दिलगिरीचा सूर नको, माहितीचा हवा. लपवण्यात जाणारी निम्मी ताकद तिथेच मोकळी होते. स्पीच थेरपिस्टकडे या आठवड्यातच जा, वरच्या पायऱ्या कुणीतरी समोर बसून दुरुस्त करून देणं फार उपयोगी पडतं.

प्रश्न : जिद्द जन्मजात असते की शिकता येते?

स्वभावाचा वाटा असतो, पण यात एक गमतीशीर गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली दाखवलं होतं, की काहीही केलं तरी टळत नाहीत असे धक्के बसलेले प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही हातपाय हलवत नाहीत. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूवरचं पुढचं काम पाहून त्याच दोघांनी आपला निष्कर्ष फिरवला. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे. म्हणून दुखण्यातून उठणाऱ्याला पहिलं काम असं द्यावं, की ज्याचा परिणाम त्याच दिवशी दिसेल. अंथरुणाशेजारचा दिवा स्वतः लावणं चालेल. ‘धीर धर’ चालणार नाही.

प्रश्न : गिटार वाजवतो. दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेचे स्नायुबंध काचेनं कापले गेले. शस्त्रक्रिया झाली, फिजिओथेरपी झाली. गेले आठ महिने रोज दोन तास व्यायाम करतो, बोटं तसूभरही जास्त वाकत नाहीत. घरचे म्हणतात सोडून दे. सोडणं म्हणजे हरणं, असं मला वाटतं. कुठे थांबावं?

आधी एक तपासणी, कारण व्यायाम कुठल्या गोष्टीशी झुंजतो आहे हेच अजून ठरलेलं नाही. बोट स्वतःच्या ताकदीनं जितकं वाकेल तितकं वाकवा. मग दुसऱ्या हातानं हळूच आणखी वाकवून बघा. दुसऱ्या हातानं ते बरंच जास्त वाकत असेल, तर सांधा मोकळा आहे आणि स्नायुबंध भोवतालच्या व्रणाला चिकटला असण्याची शक्यता आहे. दोन वर्षांनंतर तो नुसत्या व्यायामानं सुटणं कठीण, पण शस्त्रक्रियेनं मोकळा करता येऊ शकतो. हाताच्या सर्जनला नेमकं हेच विचारा. दोन्ही वेळा बोट एकाच जागी अडत असेल, तर सांधाच आखडला आहे, आणि त्याचा मार्ग वेगळा. आठ महिन्यांत वाढ शून्य असताना तोच व्यायाम तसाच चालू ठेवणं याला आम्ही चिकाटी म्हणणार नाही. मोजपट्टी दुर्लक्षून केलेली मेहनत आहे ती.

थांबण्याबद्दल म्हणाल, तर ध्रुवीय मोहिमांचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवरून मागे फिरला. तोवर तितक्या दक्षिणेला कुणीच गेलं नव्हतं. तो आणि त्याचे तीन साथीदार, या चौघांकडे ध्रुवापर्यंत पोचण्याइतकं बळ कदाचित होतं, पण परतीपुरतं अन्न नव्हतं. चौघंही जिवंत परतले. मागे फिरायचा निर्णय त्यानं अंतरावरून घेतला नाही, शिल्लक शिध्यावरून घेतला.

तुमचा शिधा म्हणजे रोजचे दोन तास, उरलेली आठ बोटं आणि वाजवण्याची आवड. कागदावर तीन गोष्टी लिहा : पुन्हा मोजायची तारीख (आजपासून बारा आठवडे), मोजायचं माप (बोटाचं टोक आणि तळहात यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये) आणि थांबायची खूण (मापात पाच मिलिमीटरहून कमी फरक, किंवा चांगली बोटंही दुखू लागणं). हा कागद घरातल्या अशा माणसाकडे द्या, जो तुमच्यासाठी आकडा वाढवून सांगणार नाही.

दरम्यान व्यायामाचा एक तास कमी करून तो वाजवण्याला द्या. तुम्ही ‘बोटं वाकणं’ आणि ‘गिटार वाजवणं’ ही एकच गोष्ट धरून बसला आहात. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ साली आगीत भाजला. जायबंदी झाली तीच दोन बोटं, अनामिका आणि करंगळी. त्यानं सुरावटी तर्जनी आणि मधल्या बोटावर नव्यानं बसवल्या आणि जायबंदी बोटं काही कॉर्डपुरती कामाला लावली. दोन बोटांनी वाजवायचं तर हात पट्टीवर आडवा कमी आणि उभा जास्त धावतो, म्हणजे एकाच तारेवर लांबवर सरकत जावं लागतं. सुरुवात एका तारेवरच्या सप्तकापासून करा : तर्जनी-मधलं, तर्जनी-मधलं, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, प्रत्येक ठोक्याला एक सूर. सलग तीन दिवस चूक न होता जमलं की चार ठोके वाढवा.

दुसरा रस्ता म्हणजे डावखुऱ्यांची गिटार. त्यात उजवा हात पट्टीवर येतो आणि जायबंदी हाताकडे फक्त छेडणं राहतं. यात वर्षानुवर्षांचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि पहिले काही आठवडे आवाज ऐकवत नाही. म्हणून विकत घेऊ नका, उसनी आणा. सहा आठवडे, रोज वीस मिनिटं, दोनच कॉर्ड. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तोच तुकडा वाजवून ध्वनिमुद्रित करा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐका.